बादली घरंगळते तो सिनेमा

दुपारी जरा आडवा झालो होतो. वरच्या मजल्यावर कुणाची तरी बादली धाडकन आपटली आणि तो सिनेमा आठवला.

आठवला म्हणजे काय, एवढंच: दगडी जिना, त्यावरून ठणठणत खाली येणारी पत्र्याची बादली, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहून हसणारी एक बाई. बादली कुणी ढकलली, खाली कोण उभं होतं, बाई भली की दुष्ट, पत्ता नाही. नटांचे चेहरे पुसलेले. मी तेव्हा नुकता शाळेत जायला लागलो असेन. पांघरुणातून एक डोळा बाहेर काढून बघत होतो. दुसऱ्या दिवशी मोठ्यांना शेवट विचारला, तर 'तुला काय करायचंय' म्हणून वाटेला लावलं.

एक जमात मला अजिबात सहन होत नाही: प्रश्न पुरता व्हायच्या आत नाव सांगून मोकळी होणारी. "अरे, तोच तो!" मग तो अख्खा सिनेमा बघायचा. जिना लाकडी निघतो, बादली औषधालाही नाही. वर हे महाशय म्हणणार, "पण जिना होता ना?"

बरं, शोधायचं तर कुठे? सिनेमांच्या याद्या नटांप्रमाणे, दिग्दर्शकांप्रमाणे, सालाप्रमाणे लावलेल्या. बादल्यांप्रमाणे कुणी लावतच नाही. लहानपणीच्या सिनेमातलं आपल्याला मात्र नेमकं असलंच काहीतरी चिकटून राहतं.

तेही खरं कशावरून? फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने लोकांना एक परकी लोककथा वाचायला देऊन नंतर ती आठवून सांगायला लावली होती. १९३२ साली त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. सांगता सांगता गोष्टीतल्या कॅनूची साधी होडी झाली आणि सीलच्या शिकारीला निघालेले लोक मासेमारीला गेले. त्या हिशेबाने माझी बादली मुळात ट्रंकही असेल. आणि बाई हसत नसेल, किंचाळत असेल.

अमेरिकेत तर याहून बहार. नव्वदच्या दशकात सिनबाद नावाच्या विनोदी नटाने जिनीचं काम केलेला 'शझाम' पाहिल्याचं कितीतरी लोक छातीठोकपणे सांगतात. असा सिनेमा निघालाच नाही, सिनबादही तेच सांगतो. १९९६ साली 'कझाम' आला होता खरा, पण त्यातला जिनी बास्केटबॉलवाला शकील ओनील. उलट आपला 'आलम आरा': १९३१ सालचा भारतातला पहिला बोलपट, जाहिराती आहेत, फोटो आहेत, पण बघू म्हटलं तर प्रिंट नाही. न निघालेला सिनेमा लोकांना आठवतो आणि निघालेला बघायला मिळत नाही. माझा यातल्या कुठल्या खात्यात टाकायचा?

शेवटी ताईला फोन केला. ती म्हणाली, बाई नव्हतीच, म्हातारा होता. बादली तिलाही आठवते. निळी होती म्हणे.

आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता.

"ते जाऊ दे रे," ताई म्हणाली, "तो एक होता बघ, त्यात लग्नाच्या मांडवात एकाच्या खोट्या मिशा गळून पडतात, आणि त्याचा तो भाऊ..."

"अगं, तोच तो!" म्हणत मी एक नाव ठोकून दिलं.