बाबांची वही आणि गॅलिलिओचे काउंट्स

माझ्याकडून झालेली एक चूक आधी सांगते, कारण एमएस्सी फिजिक्स करून आणि तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात सहा वर्षं शिकवून जे समजलं नव्हतं ते त्या चुकीनं समजलं.

आमचं गाव मेहकरच्या बाजूला, काळी माती, लोणार तासाभरावर. शेतात एक जुनी बांधीव विहीर आहे आणि बाबा त्या विहिरीच्या पाण्याची वही ठेवायचे, कुणी सांगितलं म्हणून नाही, आपलं आपण. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला विहिरीवर जायचं, टोकाला दगड बांधलेली गाठीगाठीची दोरी खाली सोडायची, दगड पाण्याला टेकला की दोरी हाताला हलकी लागते, मग काठापासून किती गाठी गेल्या ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. दोन गाठींमध्ये एक हात अंतर. बावीस वर्षांच्या तीन वह्या झाल्या होत्या. मी एका सुट्टीत बसून ते सगळं एक्सेलमध्ये टाइप केलं, हाताचे फूट केले म्हणजे सरळ दीडनं गुणलं, दोन आकड्यांची सरासरी काढून महिन्याला एक आकडा ठेवला, ग्राफ काढला, बाबांना दाखवला, ते खूश, मी खूश. वह्यांना वाळवी लागली होती, दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत गेल्या आणि त्या मीच दिल्या.

मग यंदा ग्राफ परत नीट बघताना दिसलं की एका सालापासून विहिरीचं पाणी एकदम दोन-अडीच फूट वर आलंय आणि पुढं वरच राहिलंय. मला वाटलं नाल्यावर बंधारा झाला त्याचा परिणाम असेल, मी तर वर्गात पोरांना उदाहरण म्हणून सांगायच्या तयारीत होते. सहज बाबांना विचारलं तर म्हणाले, "त्या साली दोरी बदलली न वं. अंबाडीची तुटली म्हून नायलॉनची आणली. वहीत बाजूले लिवलं होतं म्या."

बाजूला लिहिलेलं मी टाइपच केलं नव्हतं. मला फक्त आकडे हवे होते.

नव्या दोरीच्या गाठी थोड्या लांब लांब पडल्या असतील तर तेवढ्याच खोलीला गाठी कमी भरणार, आणि कागदावर पाणी वर आल्यासारखं दिसणार. की खरंच बंधाऱ्यामुळं आलं? की दोन्ही? गाठींचे मूळ आकडे असते, दोरी कोणत्या पौर्णिमेला बदलली ते असतं, तर काढता आलं असतं, पण माझ्याकडं उरली फक्त फुटातली महिन्याची सरासरी, आणि सरासरीतून मागं जाता येत नाही.

त्याच दिवसांत मी रात्री गुरू ग्रहाकडं गेलेल्या नासाच्या गॅलिलिओ यानाच्या मॅग्नेटोमीटरचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाचा, डेटा वाचत होते. गेली दोन वर्षं माझा तो अभ्यास चालू आहे, कुणासाठी नाही, स्वतःसाठी. गच्चीवर रेंज चांगली येते म्हणून लॅपटॉप घेऊन वर बसते. नासाच्या ग्रहमोहिमांचा डेटा पीडीएस म्हणजे प्लॅनेटरी डेटा सिस्टीममध्ये ठेवलेला असतो आणि चुंबकीय क्षेत्राचा, प्लाझ्माचा म्हणजे विजेचा भार असलेल्या कणांचा भाग अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात सांभाळतात, कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं, मेहकर तालुक्यातल्या गच्चीवरूनसुद्धा. तिथं गॅलिलिओचे कॅलिब्रेट केलेले म्हणजे चुका काढून नीट केलेले, नॅनोटेस्ला या चुंबकीय क्षेत्राच्या एककातले सुंदर टेबल आहेत, आणि त्यांच्याबरोबर कच्चा डेटाही ठेवलेला आहे. पूर्वी मी कच्च्याकडं बघायचेही नाही, म्हणायचे शिजलेला भात ताटात असताना साळ कशाला घ्यायची. वहीच्या प्रकारानंतर मी त्या फोल्डरमध्ये पहिल्यांदा नीट शिरले.

कच्चा डेटा म्हणजे काय ते सांगते. फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटरमध्ये सहज चुंबकित होणाऱ्या धातूची एक छोटी पट्टी किंवा कडं असतं, त्याभोवती तारेचं वेटोळं, त्यातून उलटसुलट करंट देऊन धातू एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला पूर्ण चुंबकानं भरायचा. बाहेर काहीच क्षेत्र नसेल तर दोन्ही बाजू सारख्या भरतात, पण बाहेर थोडंही क्षेत्र असलं तर एक बाजू आधी भरते, आणि तो असमतोल दुसऱ्या वेटोळ्यात दिलेल्या करंटच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल म्हणून उमटतो. तो सिग्नल मोजून यान एक पूर्णांक पाठवतं, त्याला काउंट म्हणतात. आमच्या बाबांची गाठ तीच. काउंटला नॅनोटेस्ला करायला सेन्सरचं गेन पाहिजे म्हणजे एका काउंटला किती क्षेत्र ते, शून्याचा ऑफसेट पाहिजे म्हणजे क्षेत्र नसतानाही तो किती दाखवतो ते, तापमान पाहिजे, तिन्ही सेन्सर एकमेकांना अगदी नव्वद अंशात बसलेले नसतात ती चूक माहीत पाहिजे, आणि यान त्या क्षणी कुठं होतं, कुणीकडं तोंड करून होतं तेही पाहिजे. यातला प्रत्येक आकडा कुणीतरी माणसानं त्यावेळच्या समजुतीनं ठरवलेला असतो, आणि समजूत बदलू शकते.

वर यानाचं स्वतःचं चुंबकत्व. पोरांना मी हे ट्रॅक्टरवर दाखवते. मोबाईलमधलं होकायंत्र चालू करायचं, मोकळ्या वावरात उत्तर दिशा बरोबर दिसते, मग फोन ट्रॅक्टरच्या बोनेटजवळ न्यायचा की काटा भलतीकडं. म्हणून यानाचे सेन्सर लांब दांड्यावर बसवतात, गॅलिलिओचा दांडा साधारण ११ मीटरचा होता, एक सेन्सरचा संच टोकाला आणि एक मध्ये. दोन संच असले की यानाचं क्षेत्र अंतराप्रमाणं कमी होताना दिसतं आणि ते वजा करता येतं. गॅलिलिओचा दांडा असलेला भाग मिनिटाला साधारण तीन फेरे गरगर फिरत असायचा, त्यामुळं फिरणाऱ्या पातळीतल्या सेन्सरचा ऑफसेट आपोआप सापडायचा, कारण बाहेरचं क्षेत्र फिरताना वर-खाली होतं आणि ऑफसेट तसाच राहतो. उरला फिरण्याच्या अक्षावरचा सेन्सर, त्याच्यासाठी सेन्सर पलटवायची छोटी यंत्रणाच ठेवली होती, म्हणजे पलटवला की तोही फिरणाऱ्या पातळीत यायचा. इथंच मला बाजूला लिहिलेल्या ओळीची किंमत दिसली, सेन्सर कधी पलटवला ती नोंद हरवली तर पुढचे सगळे काउंट्स भलत्याच दिशेचे समजले जातील.

आणि हे काउंट्स काय हालात आले ते बघा. गॅलिलिओ ऑक्टोबर १९८९ मध्ये निघालं, एप्रिल १९९१ मध्ये त्याचा छत्रीसारखा मोठा अँटेना उघडायला घेतला तर तो अर्धवट अडकला तो अडकलाच. सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट पाठवायचा बेत होता, शेवटी छोट्या अँटेनावर, सॉफ्टवेअर सुधारून आणि पृथ्वीवरच्या डिश सुधारून, जास्तीत जास्त १६० बिट मिळाले. माझ्या गच्चीवरचं नेट पावसात बंद पडायच्या बेतात असतं तेव्हासुद्धा यापेक्षा कितीतरी जास्त वेगाचं असतं. त्यात यानाचा टेप रेकॉर्डर मध्येच अडला होता, तो सावधपणे वापरावा लागला. तरी डिसेंबर १९९५ पासून सप्टेंबर २००३ पर्यंत ते गुरूभोवती फिरलं, आणि मग गुरूच्या युरोपासारख्या चंद्रावर चुकून आदळू नये म्हणून त्याला गुरूतच बुडवलं. म्हणजे ते उपकरण आता कुठंच नाही. परत मोजून बघू म्हणता येत नाही. तो डेटा ज्या रूपात ठेवला त्याच रूपात आहे, बस.

आता २०१८ ची गोष्ट, जी मला फार आवडते. १६ डिसेंबर १९९७ ला गॅलिलिओ युरोपाच्या साधारण २०० किलोमीटर वरून गेलं होतं, त्याची सगळ्यात जवळची भेट. त्यावेळी चुंबकीय क्षेत्रात सुमारे तीन मिनिटांचा एक विचित्र झटका नोंदला गेला, तेव्हा त्याचा अर्थ कुणाला लागला नाही. पुढं हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून युरोपावर पाण्याचे फवारे उडत असावेत असा संशय आला, आणि मिशिगन विद्यापीठातले शियानझे जिया, ज्यांच्या सोबत गॅलिलिओच्या मॅग्नेटोमीटरच्या प्रमुख मार्गारेट किवेल्सनही होत्या, यांनी वीस वर्षांपूर्वीचा तो डेटा परत काढला, फवाऱ्याचं कॉम्प्युटर मॉडेल केलं, आणि झटका फवाऱ्यातून यान गेल्यासारखाच जुळला. फवाऱ्यातले कण आयन होतात म्हणजे त्यांना विजेचा भार येतो आणि त्यांच्यापाशी क्षेत्र वाकतं. १९९७ मध्ये कुणी म्हणालं असतं की दर काही मिनिटांची सरासरी ठेवा, बाकी जागा कशाला अडवायची, तर ती तीन मिनिटं त्या सरासरीत विरघळून गेली असती, माझ्या विहिरीच्या पौर्णिमा-अमावास्येच्या आकड्यांसारखी. मला तर हे वाचताना अंगावर काटा आला होता.

आपल्याकडचंही असंच एक उदाहरण आहे आणि ते मराठी माणसाला माहीत पाहिजे असं मला फार वाटतं. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्याचं जे मोठं वादळ आलं, कॅरिंग्टनचं म्हणतात ते, त्यावेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत माणसं डोळ्यानं वाचून चुंबकाचे आकडे वहीत लिहीत होती. त्या वहीत क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लानं खाली गेल्याची नोंद आहे. त्या वह्या राहिल्या, पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या करंटनं मोजणी बिघडणार म्हणून चुंबकाची मोजणी अलिबागला हलवली ती १९०४ पासून तिथं चालू आहे, आणि २००३ मध्ये त्सुरुतानी, लखिना हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबतच्यांनी कुलाब्याच्या त्या जुन्या आकड्यांवरून ते वादळ केवढं होतं याचा अंदाज मांडला. १४४ वर्षांनी. लिहिणाऱ्याला उपग्रह काय असतो तेही माहीत नव्हतं, आणि आज उपग्रहांना धोका किती याचा हिशोब त्याच्या वहीवरून निघतो.

पीडीएसमध्ये ठेवायची पद्धत मी नीट वाचली तेव्हा एक गोष्ट मनात बसली, ती म्हणजे त्यांनी साधेपणा निवडला आहे. फॅन्सी फॉरमॅट नाही, शक्यतो साधे टेबल, ठरलेल्या रुंदीचे रकाने, आणि प्रत्येक फाइलजवळ एक लेबल ज्यात कोणत्या रकान्यात काय आहे, एकक काय, कोणतं उपकरण, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत हे सगळं लिहिलेलं. नव्या चौथ्या आवृत्तीत लेबल एक्सएमएल नावाच्या साध्या मजकुराच्या पद्धतीत असतं, आपल्या इस्रोचा चांद्रयान-२ चा डेटाही त्याच पद्धतीनं बेंगळुरूजवळच्या ब्यालालूहून मिळतो. फाइल बदलली-बिघडली का ते तपासायला चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा. यान कुठं होतं, तोंड कुणीकडं, यानाचं घड्याळ आणि आपलं घड्याळ कसं जुळवायचं, या सगळ्याच्या वेगळ्या फाइली, त्यांना स्पाइस कर्नल म्हणतात. आणि ठेवण्याआधी बाहेरची माणसं ते उघडून तपासतात की टीममध्ये नसलेल्याला हे समजेल का. मला हे शेवटचं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण वही लिहिणाऱ्याला तिची खूण कळतेच, प्रश्न तो नसताना वाचणाऱ्याचा आहे. युरोपा क्लिपर आणि ज्यूस ही दोन यानं आता गुरूकडं निघालेली आहेत, दोघांवर मॅग्नेटोमीटर आहे, ती पोचतील तेव्हा त्यांचे आकडे या जुन्या काउंट्सशी ताडून बघतील, आणि ते करणारी काही पोरं गॅलिलिओ बुडालं तेव्हा जन्मलीही नसतील.

त्या रात्री मी उशिरापर्यंत वर होते तर बाबा पाणी प्यायला उठले आणि जिन्यातून म्हणाले, "काय करून रायली वं एवढ्या राती?" मी त्यांना सांगितलं की एक यान होतं, त्याची वही वाचते, त्यांनी बाजूला लिहिलेलं पण ठेवलंय. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोरीचा तुकडा असन अजून. गोऱ्ह्याले बांधाले घेतला होता."

सकाळी आम्ही दोघांनी गोठा धुंडाळला. आढ्याला, जुन्या तिफणीच्या मागं, अंबाडीच्या दोरीचा तुकडा सापडला, चार गाठींचा, म्हणजे तीन अंतरं. आईच्या शिलाईच्या टेपनं मोजली, एक सतरा इंच भरलं, एक साडेअठरा, एक सतरा. नायलॉनची दोरी अजून वापरात आहे, तिची बरीचशी अंतरं एकोणीसच्या आसपास निघाली. म्हणजे फरक आहे, आणि वीस गाठींच्या खोलीला तो दोन-अडीच फुटांच्या आसपास जातो. पण या तुकड्याला वर्षानुवर्षं गोऱ्हा बांधलेला होता, ताणून लांब झालाय का? आणि बाबा म्हणाले अंबाडीची दोरी भिजली की आखडते, विहिरीत खालचा भाग ओला व्हायचा आणि वरचा कोरडा राहायचा.

मी नवी वही काढली आहे. तिन्ही अंतरं वेगवेगळी लिहिली, कोणत्या टेपनं मोजली ते लिहिलं, गोऱ्ह्याचं लिहिलं, बाबांना आठवतं ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं, दोरी बदलल्याचं साल दोघांच्या आठवणीत एका वर्षानं वेगळं येतंय तर दोन्ही सालं लिहिली. तुकडा आता अंगणात बादलीत भिजत घातलाय, उद्या सकाळी ओला मोजायचा आहे.