केसच का, रक्त का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, विचारतात तसे सगळेच, स्टड फार्मचे मॅनेजर, आमचे सर, घरी आईपण: गाभण घोडीचे हॉर्मोन मोजायला केस कशाला भादरतेस, सरळ रक्त काढ ना.

अहो काढते की रक्त. पण रक्त त्या घटकेचं सांगतं, आणि सुई बघूनच घोडी बिथरली की कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हॉर्मोन, वर. ती साधारण 340 दिवस गाभण असते, रोज कोण टोचणार तिला? केसात ते हळूहळू साठत जातं. म्हणून मानेवरची एकच जागा मी दर महिन्याला भादरते, म्हणजे नवीन उगवलेले केस त्याच महिन्याचे. मग ते आयसोप्रोपॅनॉलने धुवायचे (घाम, धूळ, सगळं असतं त्यावर), वाळवून पूड करायची, मिथेनॉलमध्ये रात्रभर ठेवायची, मग एलायझा, म्हणजे हॉर्मोन मोजायची चाचणी.

दोन वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका फार्मवर एका घोडीला आठवा महिना होता. मी केस भादरायचं मशीन चालवत होते आणि मोतद्दार काका म्हणाले, "ताई, हिची कास आत्ताच भरायला लागलीय." मी म्हटलं बघू, केस पाकिटात भरले, तारीख टाकली आणि पुढच्या घोडीकडे गेले. वारेला इन्फेक्शन झालं की कास अशी अवेळी भरते हे मला पाठ होतं, त्याच दिवशी सोनोग्राफीवर वारेची जाडी बघायला हवी होती. पाचव्या दिवशी पहाटे ती गाभडली. शिंगरू पोत्यावर ठेवलेलं, आयाळीच्या जागी नुसती लव, बाकी अंग गुळगुळीत. काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

केसांचा रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला, कॉर्टिसॉल आधीच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त. प्रोजेक्टमध्ये मीच छातीठोकपणे लिहिलं होतं की केसांवरून धोका आधी कळेल. आधी म्हणजे कधी गं? केस कातडीबाहेर यायलाच दिवस जातात! पण तेव्हाची मी सगळीच चुकले होते असंही मी म्हणणार नाही, महिनोन्महिन्यांचा ताण रक्ताच्या एका नळीत दिसत नाही हे खरंच आहे.

आणि तो वाढलेला आकडा? त्याच महिन्यात तिला दुसऱ्या पागेत हलवलं होतं, सोबतची घोडी विकली गेली होती. त्याने वाढलं की इन्फेक्शनने, ते केस सांगत नाहीत. अर्धे केस अजून पाकिटात आहेत, आता ते प्रोजेस्टेरॉनसाठी (गर्भ टिकवणारं हॉर्मोन) चालवणार आहे.