निखारा आला, आणि कोर्सची यादी बदलली

अखेर बो ड्रिलवर, म्हणजे धनुष्याच्या दोरीने लाकडी काठी फळीवर गरगर फिरवून घर्षणाने आग पाडायच्या साधनावर, निखारा आला. धनुष्य थांबवल्यावरही फळीच्या खाचेत साठलेला भुसा धुमसत राहिला, आणि हाताने हलका वारा घातल्यावर आत लाल ठिपका दिसला. तेवढा ठिपका पाहायला इतके आठवडे लागले, पण आनंद अजून ओसरलेला नाही.

मागच्या नोंदीत गाडी अडली होती ती ‘धूर भरपूर, निखारा नाही’ इथे. भुसा फिकट आणि पिसासारखा हलका येत होता, म्हणजे दाब कमी. दाब वाढवला तर किंचाळी सुरू. ही किंचाळी ज्यांनी ऐकली आहे त्यांना पुढचं सांगायला नको: स्पिंडलचं (फिरणाऱ्या काठीचं) टोक आणि बोर्डमधला (खालच्या फळीतला) खड्डा दोन्ही घासून गुळगुळीत होतात, भुसा पडायचा थांबतो. खड्डा खरवडून चिमूटभर कोरडी वाळू टाकली की थोडा वेळ बरं चालायचं, मग पुन्हा तेच. बाजारातून तयार आणलेल्या संचातलं स्पिंडल तर इतकं कठीण होतं की त्यावर नख उमटत नव्हतं. तयार संच घेऊच नका. नख दाबल्यावर खूण उमटेल अशी हलकी, कडकडीत वाळलेली फांदी शोधणं जास्त फायद्याचं.

खरा पेच वरच्या बाजूला होता. धूर वरूनही येत होता! स्पिंडलचं वरचं टोक झिजून खालच्याइतकंच रुंद झालं होतं, त्यामुळे निम्मी ताकद बेअरिंग ब्लॉक, म्हणजे स्पिंडल वरून दाबून धरायचा ठोकळाच, खात होता. वरचं टोक पेन्सिलीसारखं अणकुचीदार केलं, खालचं बोथट ठेवलं, ब्लॉकच्या खळगीत कोरडा साबण घासला. फरक पहिल्याच फेऱ्यांत कळला, हात तितका भरून आला नाही. त्यानंतर खाच. ती खड्ड्याच्या मध्याच्या अलीकडे बरीच आधी संपत होती, म्हणून गरम भुसा साठायच्या ऐवजी कडेने सांडायचा. मध्याला जेमतेम टेकेल इतकी आत नेली आणि रुंदी वर्तुळाच्या साधारण आठव्या भागाइतकी ठेवली. डावं मनगट नडगीला घट्ट टेकवलं, की स्पिंडल डुलत नाही. आता भुसा गडद तपकिरी, बारीक पडू लागला. खाच भरेपर्यंत संथ लय, मग शेवटी वेग. निखारा आल्यावर घाई करायचं कारण नसतं. बोर्ड हळूच उचलून थोडं थांबलं, की तो स्वतःच्या उष्णतेने घट्ट होतो, मगच पेटवणासाठी केलेल्या काथ्याच्या घरट्यात टाकायचा.

आता बुशक्राफ्टच्या, म्हणजे रानात राहण्याच्या कौशल्यांच्या, कोर्सचं. बजेट तेच आहे, पण निकष पालटले. यादीत सगळ्यात वर होता तो दोन दिवसांचा ‘सगळं एकत्र’ कोर्स: आग, निवारा, पाणी, गाठी, वनस्पती, माग काढणं. वेळापत्रक पुन्हा नीट वाचलं तर घर्षणाने आग पाडायला जेवणाआधीचा जेमतेम पाऊण तास, आणि संच गटाला मिळून एक. वरचं टोक, खाच, मनगट यातलं काहीही पाऊण तासात उलगडत नाही. प्रात्यक्षिक बघून आपण घरी येणार, धनुष्य दुसऱ्याच्या हातात राहणार. तो कोर्स यादीतून काढला.

त्याऐवजी चाकूचा एक दिवसाचा कोर्स घ्यायचा विचार आहे. पकड चुकत असेल तर ते शेजारी उभ्या माणसालाच दिसतं. मांड्यांच्या मधल्या त्रिकोणात पातं कधी येतं हे आपल्याला काम करताना कळत नाही, आणि तिथली रक्तवाहिनी कापली तर वाचायला फार थोडा वेळ मिळतो. म्हणून आयोजकांना विचारण्याचा पहिला प्रश्न: एका प्रशिक्षकामागे किती जण? सहा-आठच्या पुढे आकडा गेला तर फी कितीही कमी असो, मी जाणार नाही. दुसरा प्रश्न सामानाचा. फी कमी पण ‘सोबत आणायच्या वस्तूं’ची यादी लांबलचक, असा कोर्स स्वस्त नसतो. जाड फुल टँग (पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेला) चाकू सक्तीचा असेल तर मला शंका येते. शिकायला ‘मोरा’ या स्वीडिश कंपनीचा ‘कंपॅनियन’ चाकू पुरतो. त्याची पाठ गोलसर येते, फेरो रॉडवर (घासल्यावर ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीवर) नीट ठिणगी पडत नाही, पण हॅकसॉच्या तुटक्या पात्याने ते काम भागतं. कार्बन स्टीलचा घेतलात तर वापरून झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवा.

हे लिहितानाच वाटतंय की दुसरा कोर्स बुशक्राफ्टचा नसावाच. आडरानातल्या प्रथमोपचाराचा असावा. टार्प (ताडपत्री) ताणायच्या गाठी अंगणात घोटता येतात, पाणी उकळण्याचा नियमही साधा आहे: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. रक्तस्राव थांबवणं मात्र कुणीतरी समोर बसून, हात धरून शिकवायला हवं. तेव्हा क्रम आता असा: आधी प्रथमोपचार, मग चाकू. वनस्पती ओळखीची पदभ्रमंती पैसे साठतील तेव्हा; तोवर खाण्यासाठी काहीही तोडणार नाही.

चाकूच्या कोर्सवाल्यांना दोन्ही प्रश्न पाठवले आहेत. उत्तर येईपर्यंत हाच संच दमट हवेत चालतो का ते बघतो. बोर्ड तोच, स्पिंडल मात्र नवं, थोडं जाड. तुमच्यापैकी कुणी दमट दिवसांत निखारा काढला असेल तर कुठलं लाकूड वापरलंत ते कळवा.