खालच्या तुकड्याची थंडी

मोबाईलवर अंदाज होता किमान ४ अंशांचा. ४ अंशांना टोमॅटोची वाढ खुंटते, पण झाड मरत नाही. म्हणून निर्धास्त झोपलो. पहाटे खालच्या तुकड्यात गेलो तर बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली, पानं काचेसारखी कडक. ऊन चढलं तशी तीच पानं उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी लोंबायला लागली आणि दुपारपर्यंत काळी पडली. वरच्या तुकड्यात, जेमतेम दीडशे पावलांवर, एका पानाला डाग नाही!

चार दिवस अंदाज देणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग कळलं, अंदाज चुकला नव्हता, मी तो चुकीचा वाचला होता. तापमान मोजतात ते झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरवर. तो आकडा हवेचा, पानाचा नव्हे. आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर पान आपली ऊब सरळ आभाळाकडे सोडत राहतं आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतं. पेटीत ३-४ अंश असताना जमिनीलगत पाणी गोठू शकतं ते यामुळे.

पण मग वरचा तुकडा वाचला कसा?

रात्रीचा सर्वांत कमी आकडा नोंदवून ठेवणारे दोन तापमापक आणले आणि दोन्ही तुकड्यांत गुडघाभर उंचीच्या काठ्यांना बांधले. ढगाळ रात्री किंवा वारा वाहता असला की दोघांचा आकडा जवळपास सारखा. निरभ्र, शांत रात्री मात्र खालचा तापमापक ३ अंश कमी दाखवायचा, एकदा तर ४. शाळेत शिकलो होतो की वर जावं तशी हवा गार होते, किलोमीटरमागे सुमारे साडेसहा अंश. आमच्या उतारावर रात्री नेमकं उलटं चालतं. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून खाली येते, फक्त फार सावकाश, आणि खोलगटात साचते. उबदार थर तिच्या वर तरंगतो. काही फळबागांमध्ये उंच खांबांवर मोठाले पंखे असतात, ते याचसाठी. पंखा ऊब तयार करत नाही, वरची ऊब खाली ढकलतो.

हे सगळं मी अण्णांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. ते म्हणाले, "अरे, खाली उतरताना गुडघ्याला गारठा लागतो, हे मी तुला कितीदा सांगितलं." सांगितलं होतं खरं. मी ते म्हातारपणाच्या गुडघ्यांच्या खाती टाकलं होतं.

पुढची गोष्ट लिहायला जरा जिवावर येतंय. हवा पाण्यासारखी वाहते, तर तिला अडवणारा बांधही असणार. तो बांध मीच घातला होता. उन्हाळी झळांपासून पीक वाचावं म्हणून सहा वर्षांपूर्वी उताराच्या तळाशी सुरूची दुहेरी रांग लावली. बुडापासून दाट, आरपार काही दिसायचं नाही. त्या दाटीचं मला फार कौतुक होतं. भर म्हणून टोमॅटो गेले त्याच आठवड्यात खालची जमीन कोळपून भुसभुशीत केली होती आणि पाणीही दिलं नव्हतं. ओली, दबलेली जमीन दिवसाची ऊब साठवते आणि रात्री परत देते. कोरड्या भुसभुशीत मातीत हवा भरलेली असते, त्यामुळे खालची ऊब वर यायची वाटच बंद. वरच्या तुकड्याला आदल्या दिवशीच पाणी झालं होतं. तेही योगायोगाने, माझ्या शहाणपणाने नाही.

शेजारच्यांनी ओला पालापाचोळा जाळायला सांगितलं. दुसऱ्या रात्री धूर केलाही. डोळे चुरचुरले, तापमापक ढिम्म हलला नाही. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांतून आरामात निसटते. शिवाय सकाळी तोच धूर ऊन अडवतो. उपयोग होतो तो आगीच्या धगीचा, आणि तोही लहान लहान अनेक शेकोट्या पेटवल्या तर. एकच मोठी आग पेटवली की तिची धग सरळ वर निघून जाते.

शेवटी करवत घेतली. सुरूच्या खालच्या फांद्या कंबरेइतक्या उंचीपर्यंत उतरवल्या आणि तळाच्या कोपऱ्यात, जिथून ओहोळ बाहेर पडतो, तिथली चार झाडं काढून टाकली. त्यानंतरच्या शांत रात्री दोन तापमापकांतला फरक दीड अंशावर आला. शून्यावर येणार नाही, खोलगट ते खोलगटच. तिथे आता थंडीत कोबी लावतो, त्याला एवढ्याने काही होत नाही.

आता उन्हाळ्यात झळा त्याच मोकळ्या जागेतून आत शिरणार, हे दिसतंय. तेवढ्या महिन्यांपुरती खालून शेडनेट बांधायची आणि थंडीआधी सोडायची, असा विचार आहे. अण्णांचं म्हणणं, मी ती सोडायला विसरणार.