शेवट माहीत असताना रडता कशाला?

हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, सोसायटीच्या गच्चीवर विचारतात, आणि नवरा तर नाटकाची तिकिटं काढतानाच विचारतो, "पाठ आहे की तुला सगळं, मग रुमाल कशाला?" भाची त्याहून फटकळ. "मावशी, तो मरणार हे तुला माहितीये ना, मग आधीपासून कसली मुसमुसतेस?" आजवर हसून वेळ मारून नेली. आता इतक्या जणांनी विचारलंत, तर एकदाचं सांगून टाकते.

शेवट माहीत असतो म्हणूनच रडू येतं. आणि ते शेवटाला येतच नाही, बरंच आधी येतं.

'नटसम्राट' घ्या. शिरवाडकर आमच्या नाशिकचे, त्यामुळे हे नाटक इथे घरचंच. १९७० साली डॉ. लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर पहिल्यांदा उभे केले, मग कितीतरी नटांनी ते शिवधनुष्य उचललं. पहिल्यांदा बघणारा हलतो तो लेकीच्या घरी चोरीचा आळ येतो तेव्हा. माझ्या डोळ्यांना पाणी येतं ते अगदी सुरुवातीला, घरात सगळे आनंदात असताना, अप्पासाहेब खुशीत येऊन आपलं सगळं मुलांना देऊन टाकतात तेव्हा. आजूबाजूला लोक हसत असतात आणि मी पर्समध्ये रुमाल शोधत असते. दर वेळी मनात येतं, आज तरी हा माणूस थोडं स्वतःसाठी मागे ठेवेल. वेडेपणा आहे, कबूल. पण समोर जिताजागता नट उभा असतो, वाक्य अजून त्याच्या तोंडातच असतं. ते बाहेर पडेपर्यंत आशा काही सुटत नाही.

सिनेमात ही सोय नाही. तिथे नट दहाव्यांदाही नेमक्या त्याच जागी पापणी लववतो. त्यामुळे सिनेमाला मी कमी रडते, आणि रडले तरी भलत्याच ठिकाणी. एखादी बाई सवयीने चहाचे दोन कप काढते आणि एक परत फळीवर ठेवते, एवढ्यावर माझं काम होतं. मात्र त्यावर लगेच व्हायोलिन वाजलं की आलेलं रडू परत जातं. कळलंय हो आम्हाला!

ही खोड मला आजीने लावली. चैत्रात काळारामाच्या उत्सवात ती मला कीर्तनाला न्यायची. सीताहरणाचं आख्यान, आणि ऐकणाऱ्या बायका पंचवटीतल्याच. सीतागुंफा हाकेच्या अंतरावर, गोष्ट त्यांच्या गल्लीतली. बुवा सुवर्णमृगापर्यंत आले, सीता "मला तो आणून द्या" म्हणाली, की बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. रावणाचा अजून पत्ता नसायचा! एक म्हातारी तर पुटपुटायची, "नको गं बाई मागू." शेकडो वेळा ऐकलेली गोष्ट, तरी सीतेला अडवायचं तिने सोडलं नव्हतं.

आता कोणी शेवट सांगायला लागलं की भाची कानात बोटं घालते. मला गंमत वाटते. आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ साली सिनेमा आणला तोच मुळी हरिश्चंद्राचा. थिएटरात बसलेल्या पोरालाही पुढे काय होणार ते ठाऊक. किर्लोस्करांनी १८८० मध्ये शाकुंतल आणलं, दोन वर्षांनी सौभद्र. तो यती म्हणजे अर्जुन आहे हे सुभद्रेला कळायच्या आधी सगळ्या प्रेक्षागृहाला माहीत. नाशिकच्याच कानेटकरांनी १९६४ साली 'मत्स्यगंधा' लिहिलं, त्यातही देवव्रत प्रतिज्ञा घेणार हे काही गुपित नव्हतं. मराठी संगीत नाटक उभंच राहिलं ते लोकांना ठाऊक असलेल्या गोष्टींवर.

आणि संगीत नाटकात तर मी शब्दाचीही वाट बघत नाही. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात प्रयोग लागला की मी शक्यतो ऑर्गनच्या बाजूची खुर्ची घेते. तिथून दिसतं ते असं: नटीचं वाक्य अजून अर्ध्यात असतं, तोच ऑर्गनवाला हलकेच सूर धरतो. इतका हलका की मागच्या रांगांना तो ऐकू येत नसावा. तबलजी हातोडी बाजूला ठेवतो, तळवे मांडीवर पुसतो. नटीचा बोलण्याचा आवाज त्या सुराकडे सरकायला लागतो. शेवटचे दोन शब्द ती बोलली की गायली, सांगता येत नाही. पद सुरूही झालेलं नसतं आणि माझा चष्मा ओला.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत, म्हणजे मन भरून आलं की शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणा: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. ते नटाने दाखवायचे असतात, पण मध्यंतरात बटाटेवडेवाला "किती देऊ ताई?" विचारतो आणि मला नुसती बोटं दाखवावी लागतात, तो माझा स्वरभंग. प्रलय म्हणजे शुद्ध हरपणं. तेवढं अजून राहिलंय.

वन्स मोअरचंही लोकांना हसू येतं. निरोपाचं पद संपवून माणूस निघतो, टाळ्या पडतात, की तो विंगेजवळून परत येऊन पुन्हा निरोप घेतो. कथेचा पार चुथडा, असं जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. तो जायला नको असं सगळ्यांनाच वाटत असतं, म्हणून सगळं प्रेक्षागृह मिळून त्याला पाच मिनिटं अडवून धरतं. बालगंधर्वांच्या काळात अशाने नाटकं पहाटेपर्यंत चालायची.

पुस्तकात हे अडवणं आपल्या हातात असतं. मी शेवटची वीसेक पानं ठेवून पुस्तक मिटते आणि चार दिवस उशाशी बाळगते. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, तिथलं पुस्तक कितीजणांच्या हाताखालून आलेलं असतं. एका जुन्या कादंबरीत पानाच्या तळाशी कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, "पुढचं प्रकरण दिवसा वाचा." पुस्तकावर लिहिणाऱ्यांचा मला एरवी राग येतो. ह्या बाईंना (बाईच असणार) मात्र भेटावंसं वाटलं. मी ऐकलं त्यांचं, रविवारी सकाळी वाचलं. उपयोग शून्य. पोळ्या खारट झाल्या.

राहता राहिला नवरा. १९८३ची फायनल तो अजून यूट्यूबवर बघतो. रिचर्ड्सने चेंडू उंच मारला आणि कपिल मागे पळायला लागला की हा सोफ्याच्या कडेला सरकतो, चहाचा कप हवेतच. परवा मी मुद्दाम मध्येच विचारलं, "पकडतो का हो तो?"

"थांब गं जरा!" म्हणाला.