ट्रिप ३५, नोंद पाचवी: ‘अनंत’ अखेर हाती लागले

काल रात्री साडेदहाच्या सुमारास न्हाणीघरातल्या दोरीवर वाळत घातलेल्या अकरा फ्रेमच्या आखूड पट्टीवर मी तपासणीचे भिंग ठेवले, आणि पाचव्या व सहाव्या फ्रेममध्ये स्वारगेटच्या बाजूचे दिवे सुईच्या टोकाएवढे, काळेभोर आणि कडा जराही न पसरलेले दिसले. म्हणजे ट्रिप ३५ या माझ्या जुन्या ऑलिंपस फिल्म कॅमेऱ्याचे फोकस ‘अनंत’वर, दूरच्या दृश्यावर, अखेर नेमके बसले. मागच्या नोंदीच्या शेवटी मी लिहिले होते की, हा ट्रिप आता सुट्या भागांसाठी बाजूला ठेवावा लागेल. ते विधान मी आज आनंदाने मागे घेते.

मागचा धागा थोडक्यात जोडून घेते. पुण्यातल्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी हा कॅमेरा मिळाला तेव्हा विक्रेत्याने ‘सेल मेला आहे, शोभेला ठेवा’ असे सांगून तो दिला होता. सेल म्हणजे भिंगाभोवतीचा, उजेड मोजणारा सेलेनियमचा पट्टा. घरी आणून ‘ए’वर, म्हणजे उजेड कॅमेऱ्याने आपोआप ठरवण्यावर, ठेवला, सेलवर तळहात धरला आणि बटण दाबले, तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल झेंडा वर आला आणि शटर अडले. हात काढल्यावर शटर सुटले. म्हणजे सेलेनियम उजेडाला प्रतिसाद देत होता आणि मीटरचा काटाही हलत होता. एवढ्या पुराव्यावर मी पहिला रोल घातला. त्या रोलचे स्कॅन थोडे खरखरीत, पण चालण्याजोगे दिसत होते, आणि इथेच माझा पहिला महिना वाया गेला. ज्या लॅबकडे रोल दिला होता तिथले यंत्र प्रत्येक फ्रेमचा उजेड आपणहून सावरून देते, त्यामुळे मूळ दोष स्कॅनमध्ये झाकला गेला. निगेटिव्ह खिडकीसमोर धरल्या तेव्हा उन्हातल्या सगळ्या फ्रेम इतक्या दाट निघाल्या की त्यांतून पलीकडचे दिसेना, आणि सावलीतल्या तेवढ्या ठीक होत्या. जुना कॅमेरा तपासताना स्कॅनवर विसंबू नये, निगेटिव्हच पाहावी, हे माझे मत त्या दिवसापासून पक्के झाले आहे.

उन्हात दाट आणि सावलीत ठीक, याचा अर्थ अ‍ॅपर्चर (भिंगातले उजेड आत घेणारे छिद्र) मोठेच राहत होते. मागचे दार उघडून, कडे ‘ए’वरून काढून एफ/२२वर, म्हणजे सर्वांत लहान छिद्रावर, ठेवले आणि शटर मारले, तर टाचणीच्या डोक्याएवढा चौकोनी ठिपका दिसण्याऐवजी भिंगाची संपूर्ण खिडकी लकाकली. एफ/२२ हाताने ठरवून दिल्यावरही पाती मिटत नसतील तर दोष सेलचा नाही, काट्याचाही नाही. ट्रिपच्या दोन अ‍ॅपर्चर पात्यांवर जुने तेल उतरून त्या एकमेकींना चिकटल्या आहेत, एवढाच निष्कर्ष उरतो. चौथ्या नोंदीत त्या पात्या लायटरच्या इंधनाने धुतल्याचे मी सविस्तर लिहिले होते. तीन वेळा धुवाव्या लागल्या, कारण इंधन उडून गेले की उरलेले तेल पुन्हा पात्यांच्या मध्ये ओढले जाते. त्या वेळी काहींनी गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याचा उपाय सुचवला होता. तो मी कोणत्याही शटरजवळ आणणार नाही, कारण तो स्वतःच मागे तेलकट थर ठेवून जातो.

इथवरचा आनंद फार टिकला नाही. फोकसच्या कड्याच्या कडेचे तीन बारीक स्क्रू सैल करून कडे काढण्याआधी पुढचे भिंग नेमके कुठे बसले आहे याची खूण मी कायम शाईच्या मार्करने केली होती. पात्या धुऊन झाल्यावर शेवटचा हात म्हणून भिंगाची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, आणि त्या पुसण्यात खूणही गेली. ट्रिपचे फोकस पुढचे भिंग आट्यावर फिरवून होते. ते भिंग थोडे बाहेर राहिले, तर कड्यावरचे डोंगराचे चिन्ह, म्हणजे ‘अनंत’, डोंगरावर न लागता अंगणातच कुठेतरी लागते. तुम्ही यातून जाणार असाल, तर खूण शाईने न करता सुईने कोरा, आणि आधी भिंग बसलेल्या स्थितीतला फोटो काढून ठेवा.

अंदाजाने भिंग बसवून दुसरा रोल काढला, तर गोंधळ आणखी वाढला, कारण उन्हातले सगळे फोटो स्वच्छ आले. फक्त संध्याकाळचे आणि झाडाखालचे मऊ पडले होते. मी हाताची थरथर, १/४० सेकंदाचा संथ शटर, फिल्म सपाट धरणारी दाबपट्टी अशा सगळ्यांवर संशय घेतला. उत्तर वहीत हिशेब मांडल्यावर मिळाले. ४० मिमीच्या भिंगाला एफ/१६वर हायपरफोकल अंतर (जिथे फोकस लावल्यास क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते ते अंतर) जेमतेम सव्वातीन मीटर येते, म्हणजे फोकस तीन-साडेतीन मीटरवर चुकून अडकले असले तरी पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट दिसते. एफ/२.८वर तेच अंतर १९ मीटर होते, आणि तीन मीटरवर लावलेले फोकस साधारण २.६ ते ३.६ मीटर एवढ्याच पट्ट्यात टिकते. भर उन्हात ट्रिप स्वतः लहान अ‍ॅपर्चर निवडून माझी चूक झाकत होता आणि संध्याकाळी ती उघडी पडत होती. मऊ फ्रेम पुन्हा पाहिल्या, तर डोंगराचे चिन्ह लावून काढलेल्या एका फोटोत मागची इमारत विरघळली होती आणि चार पावलांवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीची वीण मोजता येत होती.

फिल्मच्या जागी धुरकट काच किंवा मॅट चिकटपट्टी लावून, शटर उघडे धरून दूरचे दृश्य पाहत भिंग फिरवणे हा नेहमीचा मार्ग आहे. ट्रिपला ‘बी’, म्हणजे बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडे ठेवण्याची सोय, नाही, आणि इथेच मी तीन आठवडे अडकले. शटर उघडे धरण्यासाठी पुढचा भाग पुन्हा सोडवायचा, म्हणजे जे मोजायचे तेच हलवायचे, असा तो तिढा होता. शेवटी फिल्मकडूनच मोजून घ्यायचे ठरवले. माझ्याकडे शंभर फुटांचा कृष्णधवल डबा आहे. त्यातून छत्तीस फ्रेमचे अठरा-एकोणीस रोल निघतात हा फायदा सगळे सांगतात, पण मला त्याहून मोठा वाटणारा फायदा असा की हवी तेवढी आखूड पट्टी भरता येते. तेरा फ्रेमसाठी पूर्ण रोल खर्ची घालावा लागला असता तर हा प्रयोग मी केलाच नसता.

फोकसचे कडे काढूनच ठेवले, भिंगाभोवती कागदी कोनमापक चिकटवला आणि भिंगाच्या कडेला सुईने एक रेघ कोरून तिला शून्य म्हटले. उणे ६० अंशांपासून अधिक ६० अंशांपर्यंत दर १० अंशांना एक, अशा तेरा फ्रेम ठरल्या. घड्याळाच्या दिशेने, म्हणजे भिंग आत जाईल त्या बाजूला, अधिक धरले. आता प्रश्न उजेडाचा होता. ‘ए’ सोडल्यावर शटर १/४० राहतो, एफ/२.८ आणि १०० आयएसओची (फिल्मच्या उजेड-संवेदनशीलतेचे माप) फिल्म धरली तर उन्हात निगेटिव्ह काळी ठिक्कर पडेल. सूर्य मावळून पंधरा-वीस मिनिटांनी मात्र हा मेळ अगदी बरोबर बसतो, आणि त्याच वेळी गावातले दिवे लागतात. दूरचा दिवा हा फोकस तपासण्यासाठी मला छापील तक्त्यापेक्षा चांगला वाटतो, कारण तो ठिपका तरी असतो किंवा चकती तरी, आणि चकती किती मोठी हे तपासणीच्या भिंगाखाली सहज ताडता येते.

पर्वतीवर गेले. पहिल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि दिव्यांभोवती धुक्याची वलये पसरली, त्यामुळे ती पट्टी बाद झाली. दुसऱ्या संध्याकाळी आकाश स्वच्छ होते. कठड्यावर लहान स्टँड, बटणाच्या आट्यात केबल रिलीज, आणि शेजारी भाची बॅटरीच्या उजेडात अंश वाचून वहीत लिहायला. ‘आत्या, आता वीस,’ असे ती म्हणाली की मी बटण दाबायचे. दहा-बारा मिनिटांत तेरा फ्रेम संपवाव्या लागतात, नाहीतर शेवटच्या फ्रेममध्ये इमारतींचे आकार अंधारात बुडतात. घरी येऊन डी-७६ या डेव्हलपरमध्ये पट्टी धुतली. या दिवसांत नळाचे पाणी कोमट येते, त्यामुळे रसायनाची बाटली बर्फाच्या घमेल्यात ठेवून २० अंशांवर आणण्यातच अर्धा तास गेला. नवव्या आणि दहाव्या फ्रेममध्ये, म्हणजे अधिक २० आणि अधिक ३० अंशांना, दिवे सर्वांत लहान होते. शून्यावर, म्हणजे माझ्या अंदाजाच्या जागी, प्रत्येक दिव्याची जाड चकती झाली होती.

परवा पुन्हा वर गेले. या वेळी १५ ते ३५ अंश, दर २ अंशांना एक, अशा अकरा फ्रेम घेतल्या. काल धुतलेली पट्टी हीच. पाचवी फ्रेम २३ अंशांची, सहावी २५ची, आणि दोघींत मला फरक करता आला नाही. भिंग २४वर ठेवले, कडे डोंगराच्या चिन्हावर धरून तिन्ही स्क्रू आवळले. हे स्क्रू आवळताना घड्याळदुरुस्तीचे सपाट टोकाचे पेचकस मला उपयोगी पडले. बुधवार पेठेत ते स्वस्तात मिळतात आणि चांगले टिकतात. वरच्या झाकणाच्या अधिकचिन्हाच्या स्क्रूंसाठी मात्र जपानी मापाचे, जेआयएस टोकाचे पेचकसच घ्या. साधे फिलिप्स टोक त्या खाचेत पूर्ण बसत नाही, जोर दिला की उसळते आणि स्क्रूचे डोके खाते. माझ्याकडच्या दुसऱ्या, काळ्या प्लास्टिकच्या बटणाच्या ट्रिपचे दोन स्क्रू आधीच्या कोणीतरी असेच खाल्ले आहेत, आणि ते अजून निघालेले नाहीत.

आज सकाळी आणखी सहा फ्रेमची पट्टी घरातच काढली. आई दारात बसून मेथी निवडत होती, बाहेर ढग होते, आणि ‘ए’वर शटरचा तो लांबट, संथ आवाज आला, म्हणजे १/४०. अंतर टेपने मोजून दीड मीटर ठेवले होते. निगेटिव्हमध्ये तिच्या बोटांवरच्या सुरकुत्या आणि मेथीची पाने दोन्ही आहेत. ट्रिपचा चार भिंगांचा हा झुइको लेन्स इतके टिपतो हे मी इतरांच्या फोटोंत पाहिले होते, पण माझ्या कॅमेऱ्यातून पहिल्यांदाच पाहिले. मागच्या दाराच्या खाचांतला कुजलेला फोम काढून तुळशीबागेतून आणलेली काळी लोकर बसवली होती, तीही कामी आली आहे. एकाही फ्रेमच्या कडेला उजेडाची गळती नाही. तयार सीलचे संच मिळतात, पण या कॅमेऱ्याला लोकर पुरते.

पुढचा बेत असा होता की, जपून ठेवलेला रंगीत रोल घालून रविवारी सिंहगडावर जायचे. लिहिता लिहिता तो बदलत आहे. पुण्यात पालख्या येण्याचे दिवस जवळ आले आहेत, आणि तीन मीटरचे चिन्ह, ढगाळ पण पुरेसा उजेड, चालती माणसे आणि डोळ्याला लावताच मारता येणारे शटर यांसाठी ट्रिपपेक्षा योग्य कॅमेरा माझ्याकडे नाही. त्यासाठी रंगीत न घेता ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म घेईन. ट्रिपचे कडे ४००पर्यंतच जाते, पण ढगाखाली एफ/८च्या आसपास राहायला तेवढे पुरे. पिवळा फिल्टरही लावावा असे आता वाटते. सेल भिंगाभोवतीच, फिल्टरच्या आट्याच्या आत असल्यामुळे ‘ए’वर उजेडाची घट कॅमेरा आपणच भरून काढतो. फक्त ४३.५ मिमी मापाचा फिल्टर पुण्यात मला कुठेही मिळाला नाही. ४३.५ ते ४९चे जोडकडे मागवले, तर माझ्याकडचा ४९चा पिवळा त्यावर बसेल. कडे पुढे आल्याने कोपरे काळे होतात का, हे कोणी वापरून पाहिले असेल तर कृपया लिहा. नाहीतर मी चार फ्रेमची पट्टी काढून पाहीन.

या ट्रिपचे भाग काढून दुसऱ्या ट्रिपला लावायचे होते, ते आता नको. दुसऱ्याचे पुढचे भिंग अजून कोणी हलवलेले नाही. उद्या त्यावर सुईने रेघ कोरणार आहे.