रोज किल्ली मागणारं घड्याळ

या घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागते. एकदा दिली की तीस तास चालतं, म्हणजे विसराळू माणसाला सहा तासांची माफी. उंची साधारण २६ इंच, चौकटीला नागमोडी घाट, आत दोन वजनं: एक काटे फिरवतं, दुसरं टोले देतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या चॉन्सी जेरोमचं हे घड्याळ.

जेरोम लोहाराचा मुलगा, हाताने सुतार. १८३४ मध्ये ब्रिस्टल गावातून राज्याच्या विधिमंडळात गेला, पण खरं डोकं चालायचं ते घड्याळातच. तेव्हाच्या स्वस्त घड्याळांची चाकं लाकडी. दमट हवेत फुगायची, दाते अडकायचे, मग जहाजाने पाठवणार कशी? १८३७ च्या मंदीत तो रिचमंडला जुनी येणी बघत होता, तेव्हा त्याला सुचलं: खोकं, काच, वजनं तीच ठेवावीत, यंत्र तेवढं पितळेचं करावं. पितळी पत्र्यातून साच्याने चाकं कापली की काम भराभर उरकतं.

१८४२ मध्ये माल इंग्लंडला गेला. तिथला तेव्हाचा नियम मजेशीर. व्यापाऱ्याने किंमत फार कमी दाखवली असं वाटलं, तर सरकारने त्या किमतीवर दहा टक्के देऊन माल स्वतःच घ्यायचा. जकातवाल्यांनी पहिली खेप घेतली, दुसरीही घेतली. रोख पैसे, वर दहा टक्के. यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठलं! तिसऱ्या खेपेला त्यांनी मुकाट्याने वाट सोडली.

घड्याळ लावताना टिकटिक कान देऊन ऐकावी. ती लंगडत असेल तर एका बाजूला खाली पातळशी चकती सारावी, दोन्ही ठोके सारखे पडेपर्यंत. पुढे धावतं? लंबकाचा गोळा किंचित खाली उतरवावा. काटे पुढे सरकवताना प्रत्येक टोला पुरता वाजू द्यावा, नाहीतर काटे तीनवर आणि टोले सात.

१८५४ मध्ये जेरोम न्यू हेवनचा महापौर झाला. पुढच्याच वर्षी सर्कसवाल्या बार्नमचा पैसा गुंतलेली घड्याळ कंपनी त्याच्या कंपनीत आली, येताना कर्ज घेऊन आली, आणि सगळंच बुडालं. चूक कोणाची, यावर दोघांचं कधी जमलं नाही. १८६८ मध्ये जेरोम गेला तो गरिबीत.

खोक्याच्या आत, वजनांच्या मागे, त्याच्या नावाचा छापील कागद चिकटवलेला असतो. घड्याळ कसं लावावं, तेही त्यावरच लिहिलेलं.